खरे किती, रचलेले किती : ‘द दा विंची कोड’ वाचताना

१. प्रश्न कोठून येतो

‘द दा विंची कोड’ वाचून खाली ठेवणाऱ्या वाचकाच्या तोंडी बहुधा एकच प्रश्न असतो : यातले खरे किती? रहस्यकथेच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या कथा वाचणारा वाचक झुंजारच्या पराक्रमात रमतो, पण झुंजार नावाचा माणूस खरोखर कोठे राहत होता याची चौकशी करत नाही, कारण ही गोष्ट आहे, हा करार लेखक आणि वाचक यांच्यात न बोलताच झालेला असतो. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे मराठीसह अनेक भाषांत गेलेल्या डॅन ब्राऊन यांच्या या कादंबरीने मात्र तो करार कथा सुरू होण्यापूर्वीच बदलला. कथानकाच्या आधी ‘वस्तुस्थिती’ अशा अर्थाच्या मथळ्याचे एक छोटे पान घातलेले आहे. प्रायरी ऑफ सायन ही १०९९ मध्ये स्थापन झालेली गुप्त संघटना खरोखरच अस्तित्वात आहे, तिच्या सभासदांची नावे सांगणारी चर्मपत्रे १९७५ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली, आणि पुस्तकातील कलाकृती, वास्तू, कागदपत्रे व गुप्त विधी यांची वर्णने अचूक आहेत, असे त्या पानावर निःशंकपणे सांगितलेले आहे. वाचकाला पडणारा प्रश्न या पानातून जन्मतो, आणि म्हणून तो विचारणाऱ्या वाचकाला भोळा म्हणता येत नाही.

कादंबरीचा मुख्य दावा थोडक्यात असा आहे. येशू ख्रिस्त आणि त्यांची अनुयायी मरीया मग्दालीया हे पतिपत्नी होते; त्यांचा वंश फ्रान्समध्ये वाढला आणि मेरोव्हिंजियन या जुन्या राजघराण्यात मिसळला; चर्चने ही गोष्ट दडपली, परंतु एका गुप्त संघटनेने ती जपली; आणि त्या संघटनेचा प्रमुख असलेल्या लिओनार्दोने ती आपल्या चित्रांत खुणांच्या रूपाने लपवून ठेवली. २००६ मध्ये या कथेवरचा चित्रपट आला तेव्हा भारतात गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली, आणि सेन्सॉर मंडळाने तो काल्पनिक असल्याची सूचना जोडून प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. श्रद्धावानांना झालेले दुःख खरे होते. पण बंदीमुळे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, उलट दडपण्यासारखे काहीतरी असलेच पाहिजे हा समज मात्र घट्ट झाला. उत्तर मिळवायचे तर एकेक दावा घेऊन तो तपासावा लागतो.

२. पुराव्याचे वय

तपासणीला बसण्यापूर्वी एक कल्पना स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. इतिहासात एखादी गोष्ट किती लोक सांगतात यापेक्षा ती सर्वांत आधी कोणी, केव्हा आणि कोठे सांगितली याला महत्त्व असते. मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. शिवाजी महाराजांच्या दरबारात वावरलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेली बखर आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेलेली चिटणिसांची बखर यांना अभ्यासक सारखे वजन देत नाहीत, आणि महाराजांच्या हयातीतले एखादे अस्सल पत्र सापडले तर ते या दोहोंपेक्षाही वरचे मानतात. प्रसंगाच्या जवळचा, हितसंबंधापासून दूरचा आणि जेथून आला ते ठिकाण माहीत असलेला कागद हाच भरवशाचा. कागद कोठून आला, कोणाच्या हातून फिरत दप्तरात पोहोचला, या माहितीला त्या कागदाची हस्तांतर-परंपरा म्हणता येईल. ती तुटलेली किंवा संशयास्पद असेल, तर अक्षर कितीही जुने दिसले तरी अभ्यासक थांबतो.

३. १०९९ की १९५६?

या कसोटीवर सर्वांत आधी प्रायरी ऑफ सायन घासून पाहावी, कारण कादंबरीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. फ्रान्समध्ये संस्थेला कायदेशीर अस्तित्व हवे असेल तर १९०१ च्या कायद्यानुसार तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि प्रायरी ऑफ सायन या नावाच्या संस्थेची अशी नोंद स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या सें-ज्युलियाँ-आँ-जनव्ह्वा या गावच्या कचेरीत आहे. तिचे साल १९५६. संस्थेच्या संस्थापकांत पिएर प्लांतार नावाचे गृहस्थ होते, आणि ‘सायन’ हे नाव जेरुसलेमच्या पवित्र टेकडीवरून घेतले असे पुढे सांगितले गेले तरी जवळच त्याच नावाचा एक डोंगर होता. संस्थेने ‘सर्किट’ नावाचे जे पत्रक काढले त्यात स्वस्त भाड्याच्या घरांत राहणाऱ्या रहिवाशांच्या हक्कांची चर्चा असे. क्रुसेडच्या काळात जेरुसलेममध्ये सियोन पर्वतावरच्या मातेच्या नावाचा एक मठ होता, एवढा मात्र त्या नावामागे खरा धागा आहे. पण तो मठ आणि १९५६ ची ही संस्था यांना जोडणारा एकही कागद नाही.

मग लिओनार्दो, न्यूटन, व्हिक्टर ह्युगो यांची नावे असलेली यादी आली कोठून? ‘गुप्त दप्तरे’ या नावाने ओळखला जाणारा कागदांचा एक गठ्ठा १९६७ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल झाला. तो चर्मपत्रांचा नव्हता; टंकलिखित पाने, वंशावळी आणि कात्रणे यांचा होता, आणि त्यावर लेखक म्हणून टोपणनावे घातलेली होती. तो ग्रंथालयात ‘सापडला’ असे म्हणण्यापेक्षा ‘ठेवला गेला’ म्हणणे योग्य, कारण तो तेथे पोहोचवण्यामागे प्लांतार आणि त्यांचे सहकारी फिलिप द शेरिझे हेच होते. ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एखाद्याने घरी बसून आपली वंशावळ यादवांच्या देवगिरीपर्यंत नेऊन भिडवली आणि ती एखाद्या नामांकित ग्रंथालयाला भेट दिली, तर त्या कागदावर ग्रंथालयाचा दाखल क्रमांक पडतो. पुढे येणारा लेखक तो क्रमांक उद्धृत करतो, आणि त्याच्या पुस्तकाचा हवाला देऊन तिसरा लेखक ती वंशावळ ‘संग्रहातील दस्तऐवज’ म्हणून छापतो. ग्रंथालयाने केवळ कागद स्वीकारलेला असतो, मजकूर खरा असल्याची हमी कधीच दिलेली नसते. दाखल क्रमांक म्हणजे खरेपणाचा शिक्का नव्हे.

प्लांतार यांना या सगळ्यातून काय साधायचे होते, हेही त्या कागदांतच दिसते. इसवी सनाच्या सातव्या शतकात मारला गेलेला मेरोव्हिंजियन राजा दुसरा दागोबेर याचा वंश खुंटला नाही आणि तो थेट प्लांतार घराण्यापर्यंत येतो, असे त्या वंशावळी सांगतात. म्हणजे पिएर प्लांतार हे फ्रान्सच्या गादीचे वारस ठरतात. येशूच्या वंशाचा यात कोठेही उल्लेख नव्हता. तो नंतर आला. प्लांतार यांच्या कागदांवर विसंबून मायकल बेजंट, रिचर्ड ली आणि हेन्री लिंकन या तिघांनी १९८२ मध्ये ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ हे पुस्तक लिहिले आणि मेरोव्हिंजियन रक्त म्हणजेच येशूचे रक्त असा तर्क मांडला. डॅन ब्राऊन यांच्या कथेचे बीज या पुस्तकात आहे. कादंबरीतील ली टीबिंग या विद्वानाचे नावही ‘ली’ हे आडनाव आणि ‘बेजंट’ या आडनावातील अक्षरांची उलटापालट यांतून बनलेले आहे. बेजंट आणि ली यांनी २००६ मध्ये लंडनच्या न्यायालयात कादंबरीच्या प्रकाशकाविरुद्ध स्वामित्वहक्कभंगाचा दावा लावला आणि तो ते हरले. या दाव्यात एक गोष्ट लक्षणीय होती : आपण इतिहास मांडला, असे म्हणणाऱ्या लेखकांना त्याच वेळी त्या इतिहासावर आपला स्वामित्वहक्क आहे असेही म्हणावे लागत होते, आणि घडलेल्या गोष्टींवर असा हक्क कोणालाच मिळत नाही.

या साखळीचे दुसरे टोक दक्षिण फ्रान्समधील रेन-ल-शातो या डोंगरी खेड्यात आहे. तेथील धर्मगुरू बेरांजे सोनिएर यांनी १८८५ नंतरच्या काळात चर्चचा जीर्णोद्धार केला, एक बंगला आणि एक मनोरा बांधला, आणि एवढा पैसा त्यांनी आणला कोठून, असा प्रश्न लोकांना पडला. कादंबरीत खून होणाऱ्या क्युरेटरचे आडनाव यांच्यावरूनच घेतले आहे. चर्चमध्ये त्यांना एक जगद्विख्यात रहस्य सापडले, अशी कथा विसाव्या शतकाच्या मध्यात पसरली, आणि ती पसरवण्यात त्या बंगल्यात हॉटेल चालवणाऱ्या मालकाचा मोठा वाटा होता. चौकशीतून निघालेले उत्तर अगदी साधे आहे. कॅथलिक परंपरेत मृतात्म्यांसाठी किंवा एखाद्या संकल्पासाठी मिस्सा अर्पण करण्याकरिता लोक धर्मगुरूला दान पाठवतात. धर्मगुरूने साधारणपणे दिवसाला एक मिस्सा अर्पण केली तर वर्षाच्या ३६५ होतात. सोनिएर मात्र ठिकठिकाणांहून टपालाने त्याच्या कितीतरी पट मिस्सांचे पैसे स्वीकारत होते, म्हणजे न करता येणाऱ्या विधींची दक्षिणा घेत होते. त्यांच्या बिशपांनी याच आरोपावरून त्यांची चौकशी केली आणि त्यांना धर्मकार्यातून दूर केले.

शेवटी १९९३ मध्ये एका आर्थिक गैरव्यवहाराच्या तपासात न्यायाधीशांपुढे शपथेवर साक्ष देताना प्लांतार यांनी हे सारे आपण रचल्याची कबुली दिली. ही कबुली कादंबरीच्या दहा वर्षे आधीची आहे. तिच्यानंतरही ‘वस्तुस्थिती’च्या पानावर १०९९ हे साल छापले जाणे, ही या पुस्तकातील सर्वांत गंभीर चूक म्हणावी लागते.

४. मिलानची भिंत

लिओनार्दोचे ‘द लास्ट सपर’ हे चित्र मिलानमधील सांता मारिया देल्ले ग्रात्सिये या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे, आणि त्याने ते साधारण १४९५ ते १४९८ या काळात रंगवले. त्याला सरसकट फ्रेस्को म्हटले जाते, पण ते फ्रेस्को नाही. फ्रेस्को म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग लावण्याची पद्धत. गिलावा वाळताना रंग त्यात मुरतो आणि शतकानुशतके टिकतो, परंतु चित्रकाराला घाई करावी लागते आणि केलेले सहज बदलता येत नाही. सावकाश, पुन्हा पुन्हा फेरफार करत काम करणाऱ्या लिओनार्दोने कोरड्या गिलाव्यावर रंग चढवले, आणि ते त्याच्या हयातीतच सुटू लागले. (अजिंठ्याची चित्रेही कोरड्या गिलाव्यावरचीच आहेत आणि तीही याच दुखण्याने पोपडे धरून गळत आली आहेत.) पुढे १६५२ मध्ये भिंतीत दार पाडले गेले तेव्हा येशूंचे पाय गेले, १९४३ मध्ये बाँबहल्ल्यात भोजनगृह उद्ध्वस्त झाले, आणि १९९९ मध्ये संपलेल्या, वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या जीर्णोद्धारानंतर मूळ रंगाचा अगदी थोडा अंश उरला आहे. त्यामुळे या चित्रातील चेहऱ्याच्या बारीक छटेवरून मोठा निष्कर्ष काढताना फार जपावे लागते.

कादंबरीचा निष्कर्ष असा, की येशूंच्या उजव्या हाताला बसलेली, कोवळ्या चेहऱ्याची, लांब केसांची व्यक्ती ही शिष्य योहान नसून मरीया मग्दालीया आहे. हा दावा पडताळण्याचा सोपा मार्ग मोजणीचा आहे. मेजावर १३ माणसे आहेत; येशू वगळता १२ उरतात आणि शिष्यही १२ आहेत. ती व्यक्ती मरीया मानली तर योहान गैरहजर ठरतो, आणि ज्याच्यावर येशूंचे विशेष प्रेम होते असे शुभवर्तमानात म्हटलेले परंपरेने ज्याला लागू होते, तोच शिष्य शेवटच्या भोजनातून वगळला गेला असता तर त्या मठातील एकाही साधूला ते खटकले नाही असे समजावे लागेल. स्वित्झर्लंडमधील पोंते काप्रियास्का येथे या चित्राची सोळाव्या शतकातील एक नक्कल आहे, तिच्यात प्रत्येक आकृतीखाली नाव लिहिलेले आहे, आणि वादग्रस्त आकृतीखाली योहानाचेच नाव आहे. कोवळा चेहराही लिओनार्दोच्या मनातून आलेला नाही. योहान हा शिष्यांत वयाने सर्वांत लहान मानला जाई, म्हणून फ्लॉरेन्सचे चित्रकार त्याला दाढीमिशा न फुटलेला, लांब केसांचा तरुण दाखवत. लिओनार्दोच्या आधीच्या आंद्रेआ देल कास्तान्यो आणि गिर्लांदायो यांच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रांतही तो तसाच आहे.

चित्रातील क्षण ओळखला की उरलेली कोडीही सुटतात. तुमच्यापैकी एकजण माझा घात करील, असे येशूंनी नुकतेच सांगितले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात यानंतर पेत्र त्या लाडक्या शिष्याला, तो कोण हे विचारून घे, असे खुणावतो; चित्रात पेत्र पुढे झुकून योहानाच्या कानाशी लागला आहे तो यासाठी, कादंबरी म्हणते तसा धमकावण्यासाठी नव्हे. चित्रातील सुरीही कादंबरी म्हणते तशी कोणाच्याही नसलेल्या अधांतरी हातात नाही, ती पेत्राच्याच हातात आहे. त्या मुडपलेल्या हाताचा लिओनार्दोने केलेला अभ्यास विंडसर येथील संग्रहात जपलेला आहे. त्याच रात्री पुढे येशूंना पकडायला आलेल्यांपैकी एका दासाचा कान पेत्र तोडतो, आणि ती सुरी त्या प्रसंगाची चाहूल देते.

कादंबरीच्या नावाबद्दलही एक गोष्ट नोंदवावी. ‘दा विंची’ म्हणजे विंची गावचा. मराठीत ‘-कर’ लागून झालेली गावची ओळख पुढे आडनाव बनली. लिओनार्दोच्या बाबतीत ती तशी झालेली नव्हती, म्हणून कलेचे अभ्यासक त्याला लिओनार्दो म्हणतात, नुसते दा विंची म्हणत नाहीत.

५. निकेआची परिषद

कादंबरीतील ली टीबिंग सांगतो, की इसवी सन ३२५ पर्यंत येशूंना अनुयायी केवळ एक मर्त्य प्रेषित मानत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेआ येथे परिषद बोलावून काठावरच्या मतदानाने त्यांना देव ठरवले. आणि त्याच सम्राटाने ऐंशीहून अधिक शुभवर्तमानांतून आपल्या सोयीची चार निवडून बायबल तयार केले. पुस्तकातील सगळ्या दाव्यांत हा दावा सर्वाधिक वाचकांना पटलेला दिसतो, कारण सत्ता धर्मग्रंथ घडवते ही शंका आजच्या माणसाला सहज रास्त वाटते. म्हणून तो सावकाश तपासायला हवा.

परिषद खरी आहे. ती आजच्या तुर्कस्तानातील इझनिक येथे ३२५ मध्ये भरली आणि कॉन्स्टंटाइननेच ती बोलावली. वाद मात्र वेगळा होता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस म्हणत असे, की पुत्र म्हणजे ख्रिस्त हा देवाने निर्माण केला, म्हणजे तो नव्हता असाही काळ होता. त्याचे विरोधक म्हणत, की पुत्र पित्याइतकाच अनादि आहे. दोन्ही बाजू ख्रिस्ताला दैवी मानत होत्या आणि दैवी म्हणजे नेमके काय यावर भांडत होत्या. आपल्याकडे अद्वैत आणि द्वैत मतांच्या आचार्यांतला वाद ईश्वर आहे की नाही यावर नसतो, त्याचे आणि जीवाचे नाते कसे यावर असतो. निकेआचा वाद त्या जातीचा होता. मतदान काठावरचेही नव्हते. जमलेल्या शेकडो बिशपांपैकी अखेरपर्यंत सही नाकारणारे दोनच होते.

येशूंना देव मानण्याची सुरुवात चौथ्या शतकातली नाही, हे दाखवणारा पुरावा ख्रिस्ती लोकांच्या बाहेरूनही मिळतो. आशिया मायनरमधील बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने सुमारे ११२ मध्ये सम्राट त्राजानाला पाठवलेल्या पत्रात, हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असे कळवले. प्लिनी त्यांच्यावर खटले चालवत होता. त्यांची महती वाढवण्यात त्याला काही स्वारस्य नव्हते. हा कागद निकेआच्या दोनशे वर्षे आधीचा आहे. आद्य ख्रिस्ती धर्मप्रसारक पौल याची पत्रे त्याहूनही जुनी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यातली आहेत, आणि त्यांत येशूंना प्रभू म्हटलेले आहे.

शुभवर्तमानांच्या निवडीचे असेच आहे. फ्रान्समधील लिआँचा बिशप इरेनियस सुमारे १८० मध्ये चारच शुभवर्तमानांचा आग्रह धरतो, आणि आजच्या नव्या करारातील नेमकी २७ पुस्तके सांगणारी ज्ञात असलेली पहिली यादी अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या ३६७ मधील पत्रात येते. त्या वेळी कॉन्स्टंटाइनला मरून तीस वर्षे झाली होती. निकेआच्या परिषदेच्या निर्णयांत धर्मग्रंथांच्या यादीचा विषयच नाही. टीबिंगच्या विधानामागचा खरा अंश एवढाच, की कॉन्स्टंटाइनने नंतर आपल्या नव्या राजधानीतील चर्चसाठी बायबलच्या ५० प्रती तयार करवून घेतल्या.

चर्चने काही ग्रंथ बाजूला सारले, ही गोष्ट मात्र पूर्णपणे खरी आहे, आणि त्यांपैकी अनेक १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ एका मडक्यात सापडले. कादंबरी त्यांना गुंडाळ्या म्हणते; ते कातडी वेष्टनात बांधलेले १३ ग्रंथ आहेत आणि कॉप्टिक या जुन्या इजिप्शियन भाषेत आहेत. त्यांतून माणूस येशू दिसतो, असे टीबिंग म्हणतो. ते ग्रंथ वाचले तर बहुतेक ठिकाणी याच्या उलटे आढळते. त्यांतील बरेचसे ज्ञानमार्गी पंथांचे आहेत, आणि जड शरीराला तुच्छ लेखणाऱ्या या पंथांचे येशू हे भूक, थकवा, अश्रू आणि वेदना असलेल्या चार शुभवर्तमानांतील येशूंपेक्षा पुष्कळ अधिक अमानवी आहेत. देहधारी, दुःख सोसणारा माणूस पाहायचा असेल, तर तो बाजूला सारलेल्या ग्रंथांपेक्षा स्वीकारलेल्या ग्रंथांतच भेटतो.

६. काही किरकोळ दावे

बाकीच्या अनेक गोष्टी थोडक्यात निकाली काढता येतात. लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडला ६६६ तावदाने नाहीत; ती ६७३ आहेत. पॅरिसच्या सें-स्युल्पिस चर्चमधील पितळी रेघ खरी आहे, पण ती अठराव्या शतकात बसवलेल्या सौर यंत्राची आहे : वरच्या छिद्रातून येणारा सूर्याचा कवडसा त्या रेघेवर केव्हा पडतो हे पाहून संपातदिन ठरवता यावा आणि त्यावरून ईस्टरची तिथी काढता यावी, यासाठी ती आखली गेली. पॅरिसची मध्यान्हरेषा तिच्याजवळून जाते, तिच्यावरून नव्हे. कादंबरी वाचून येणाऱ्यांची रीघ लागल्यावर ही रेघ कोणत्याही पुरातन देवळाचा अवशेष नाही, अशी पाटीच चर्चला लावावी लागली. ओपुस देई ही १९२८ मध्ये माद्रिदमध्ये स्थापन झालेली कॅथलिक संघटना खरी आहे आणि तिचे काही सभासद देहदंडाची साधने वापरतात हेही खरे, परंतु तिच्यात झगाधारी मठवासी साधू नसतात. टेंपलर सरदारांची धरपकड १३ ऑक्टोबर १३०७ रोजी झाली, पण ती चर्चच्या नव्हे, फ्रान्सच्या राजाच्या हुकमाने.

चेटकिणी ठरवून चर्चने ५० लाख स्त्रियांना जाळले, हा आकडा मात्र नुसता दुरुस्त करून पुढे जाण्यासारखा नाही. आजचे इतिहासकार सुमारे तीन शतकांतील बळींची संख्या ४० ते ६० हजार मानतात. त्यांत पुरुषही होते आणि बहुतेक शिक्षा लौकिक न्यायालयांनी दिल्या. पन्नास हजार माणसे जिवे मारली जाणे हे पुरेसे भयानक आहे. आकडा शंभरपट फुगवला की ज्या बायका खरोखर मारल्या गेल्या त्यांचीच नोंद पुसट होते.

कादंबरीत येणारी १, १, २, ३, ५, ८, १३, २१ ही संख्यामाला मात्र निर्दोष आहे : मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. ती इटलीच्या फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते आणि त्याचा ग्रंथ १२०२ चा आहे. पण त्याच्या अर्धशतक आधी हेमचंद्राचार्यांनी मात्रावृत्तांच्या संदर्भात ती सांगितली होती. लघु म्हणजे एक मात्रा आणि गुरू म्हणजे दोन धरून तीन मात्रांची ओळ तीन प्रकारे भरते : लघु-लघु-लघु, लघु-गुरू, गुरू-लघु. चार मात्रांची ओळ एकतर लघूवर संपते, म्हणजे आधीच्या तीन मात्रा तीन प्रकारे. किंवा गुरूवर संपते, म्हणजे आधीच्या दोन मात्रा दोन प्रकारे. एकूण पाच.

७. मरीया मग्दालीया

या पुस्तकाची नैतिक ताकद एका खऱ्या अन्यायात आहे आणि तो मान्य केल्याशिवाय ही तपासणी प्रामाणिक होत नाही. शुभवर्तमानांत मरीया मग्दालीया वेश्या असल्याचे कोठेही म्हटलेले नाही. लूक तिच्यातून सात भुते निघाल्याचे सांगतो आणि आपल्या पैशाअडक्याने येशूंच्या मंडळींचा खर्च चालवणाऱ्या स्त्रियांत तिचे नाव घेतो. ५९१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात ती, बेथानीची मरीया आणि लूकच्या शुभवर्तमानातील एक अनाम पापी स्त्री या तिघींना एकच ठरवले, आणि पश्चिमेच्या चर्चमध्ये जवळपास १,४०० वर्षे ती पश्चात्तापदग्ध पतिता म्हणून चितारली गेली. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये आपल्या पंचांगातून ही सरमिसळ काढली, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

ती येशूंची पत्नी होती, याला मात्र पहिल्या शतकातला कोणताही आधार नाही. त्या काळचा ज्यू पुरुष अविवाहित असूच शकत नव्हता, हे टीबिंगचे म्हणणे टिकत नाही. इसीन या ज्यू पंथातील पुष्कळ पुरुष अविवाहित असत आणि पौलही अविवाहित होता. पौलाच्या पत्रात याहून बोलका पुरावा आहे. प्रेषितांना पत्नीला बरोबर घेऊन फिरण्याचा हक्क आहे असे करिंथकरांना पटवताना तो पेत्राचे आणि येशूंच्या भावांचे उदाहरण देतो. स्वतः येशू विवाहित असते तर याहून मोठे उदाहरण त्याला मिळाले नसते, आणि तो ते देत नाही. २०१२ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासक कॅरन किंग यांनी ‘माझी पत्नी’ हे शब्द येशूंच्या तोंडी असलेला पपायरसचा एक तुकडा जगापुढे ठेवला. २०१६ मध्ये त्याची हस्तांतर-परंपरा खोटी असल्याचे उघडकीस आले आणि तो बनावट असण्याचीच शक्यता अधिक, हे किंग यांनी स्वतः मान्य केले.

कादंबरीची सर्व मदार नाग हम्मादी येथे सापडलेल्या फिलिपच्या शुभवर्तमानावर आहे. त्यात मरीयेला येशूंची सहचारिणी म्हटले आहे, आणि कोणताही अरामी भाषातज्ज्ञ त्याचा अर्थ पत्नी असाच सांगेल, असे टीबिंग ठणकावतो. तो ग्रंथ अरामीत नाही. कॉप्टिकमध्ये आहे, आणि वापरलेला शब्द ग्रीकमधून उसना घेतलेला ‘कोइनोनोस’ हा आहे, ज्याचा अर्थ सोबती, भागीदार, सहकारी असा व्यापक होतो. पुढच्या वाक्यात येशू तिचे वारंवार चुंबन घेत, असे आहे, आणि कादंबरी ते ओठांवर घेत असे म्हणते. त्याच ग्रंथात इतरत्र चुंबन हे श्रद्धावानांनी एकमेकांना कृपा देण्याचे चिन्ह म्हणून आलेले आहे.

कादंबरी मरीयेला न्याय देण्याचे वचन देते, पण शेवटी तिची थोरवी तिच्या कुशीत आणि तिच्या वंशात शोधते. चार शुभवर्तमाने तिला याहून मोठे स्थान देतात : शिष्य पांगले तेव्हा ती क्रुसाजवळ थांबली, रिकामी कबर पाहणाऱ्यांत ती होती, आणि ही वार्ता शिष्यांना कळवण्याचे काम योहानाच्या शुभवर्तमानात तिच्यावर सोपवलेले आहे. वाचकाने तिला तेथे जाऊन भेटावे. मराठीत ही चारही शुभवर्तमाने सहज मिळतात. फिलिपच्या शुभवर्तमानाचे ते पान कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहे. ‘ओठांवर’ हा शब्द जेथे असल्याचे कादंबरी सांगते, तेथे पपायरस झिजून छिद्र पडलेले आहे.